सकाळी नुसती सेल्फ खाते, गायमुखच्या चढाला दम सोडते, जुना डिझेल पिकअप. पंप उतरवू का?

घणसोलीकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००६ चा डिझेल पिकअप आहे, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की निम्मे रिप्लाय "ती घेतलीच कशाला" असे येतात. कॉमन रेल (कॉम्प्युटरवाली नवीन डिझेल सिस्टीम) नाही, नोझलना दाबाने डिझेल देणारा साधा रोटरी पंप, टाकीतून डिझेल आणायला वेगळा फीड पंप नाही, फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचं प्रायमर, बस. धंदा एपीएमसीचा, पहाटे कांदा बटाटा भरायचा आणि ठाण्यात घोडबंदर पट्ट्यात दुकानांना टाकत जायचं.

त्रास दोन आहेत. पहिला, रात्रभर उभी राहिली की सकाळी चालूच होत नाही, सेल्फ मारत बसायचं, बॅटरी बसायच्या बेताला येते, मग बोनेट उघडून प्रायमर दाबायचं, ते कडक झालं की एका सेल्फला चालू. एकदा चालू झाली की दिवसभर कितीही वेळा बंद करा, लगेच लागते. दुसरा, लोड घेऊन गायमुखचा चढ चढताना मध्येच गचके मारायला लागते, एक्सिलेटर पूर्ण दाबला तरी ओढत नाही, साईडला घेऊन जरा थांबलं की परत नीट. मागून कंटेनरवाले हॉर्न मारून जीव घेतात ते वेगळंच.

धूर फार नाही, सकाळी चालू होताना थोडा पांढरा. फिल्टर नवीन टाकलाय. हीटर प्लग चारही तपासले, ठीक आहेत. खालून कुठेही डिझेल गळत नाही, रात्री पुठ्ठा टाकून बघितला, कोरडा. ड्रायव्हर म्हणतो टाकी फुल असली की बरी चालते, पण तो काय, वडापाव खाल्ल्यावर पण बरी चालते म्हणतो.

गॅरेजवाल्याने ऐकलं आणि गाडीला हात न लावता सांगितलं पंप गेला, पंप नोझल दोन्ही उतरवायचे, पस्तीस हजार धरून चाला. आरटीओचं फिटनेस पण जवळ आलंय, आठ वर्षांवरची कमर्शियल गाडी म्हणजे दरवर्षीचंच ते. पैसे घालायला ना नाही पण उगाच नको. काय करू?

मुंब्रा_बायपास:
भावा सरळ पंप नोझल करून टाक, एवढ्या वर्षांची गाडी आहे, आज ना उद्या करावंच लागणार. आणि हे नवीन डिझेल आल्यापासून सगळ्या जुन्या गाड्यांचे पंप चाललेत, त्यात चिकटपणाच राहिला नाही. टाकी भरताना थोडं टूटी ऑईल (टू-स्ट्रोक गाड्यांचं) टाकत जा, फरक पडेल.

जुना_मिस्त्री:
घणसोलीकर, पंपाला हात लावू नकोस. निदान आत्ता तरी नको.

तुझ्या गाडीला वेगळा फीड पंप नाही म्हणतोस, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचं सगळं डिझेल पंप स्वतःच ओढून घेतो. टाकीतला पाईप, चासीवरची लाईन, सेडिमेंटर (पाणी गाळ खाली बसवणारी वाटी), फिल्टर, सगळं ओढीवर आहे, दाबावर नाही. दाबावरची लाईन फुटली की डिझेल बाहेर येतं, ओढीवरची फुटली की बाहेरची हवा आत जाते. म्हणून पुठ्ठा कोरडा निघाला त्यावरून लाईन चांगली आहे असं समजू नको. केसाएवढी चीर असली तरी रात्रभर त्यातून हवा शिरते आणि वरचं डिझेल हळूहळू टाकीत उतरून जातं. सकाळी पंपाच्या तोंडाशी हवा, तू सेल्फ मारतोस आणि पंप हवा ओढतो. प्रायमर दाबून कडक झाल्यावर एका सेल्फला लागते ना, मग पंप दाब देतोय की. पंप झिजलेला असता तर उलटं झालं असतं, गार असताना एकवेळ लागते आणि गरम झाल्यावर रडवते, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या भागातून निसटतं.

आणि ड्रायव्हरला हसू नको. टाकी फुल असताना बरी चालते हे तू जाता जाता लिहिलंस, मला तर सगळ्यात कामाचं तेच वाटलं. टाकीच्या आत जो ओढायचा पाईप उभा सोडलेला असतो तो वरच्या बाजूला गंजून भोक पडलं तर काय होईल बघ. टाकी भरलेली असेल तर भोक डिझेलमध्ये बुडालेलं, तिथून पण डिझेलच ओढलं जाणार. पातळी खाली गेली की भोक उघडं, मग तिथून हवा. चढावर तर डिझेल टाकीत मागे सरकतं, मग अजूनच.

फक्त एक गोष्ट यात बसत नाही. थांबल्यावर परत नीट होते म्हणतोस. हे हवेपेक्षा कचऱ्याचं लक्षण जास्त. टाकीत गंजाचे पापुद्रे असतील तर जोरात ओढताना ते जाळीवर येऊन चिकटतात, इंजिन बंद केलं की खाली गळून पडतात. तेव्हा दोन भानगडी एकत्र असू शकतात.

आता तपासायचं कसं. एक पाच लिटरचा कॅन घे, स्वच्छ डिझेल भर, टाकीकडून येणारा पाईप फिल्टरपाशी सोडव आणि त्या जागी नवीन रबरी पाईप लावून तो कॅनमध्ये सोड. रिटर्नचा पाईप (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) पण कॅनमध्येच सोड, या पंपाचं रिटर्न भरपूर असतं, नाहीतर कॅन रिकामा आणि टाकी भरत बसेल. कॅन जमिनीवर ठेवायचा, बोनेटवर नाही. वर ठेवला की डिझेल उताराने आपोआप येतं आणि पंप पुढे कुठे हवा घेत असला तरी कळत नाही. दोन्ही पाईपांची तोंडं डिझेलमध्ये बुडलेली पाहिजेत. एअर काढ, चालू कर, बंद कर, रात्रभर तशीच राहू दे. सकाळी प्रायमरला हात न लावता लागली तर फिल्टरच्या पुढचं सगळं ठीक, दोष मागे. तशीच रडली तर फिल्टरचं डोकं, प्रायमर, पंपाचे वायसर किंवा नोझलवरचे बारीक रिटर्न पाईप बघायचे. कॅन लावून रस्त्यावर मात्र जाऊ नको, एक्झॉस्ट शेजारीच असतो.

घणसोलीकर:
काका एवढं डिटेलमध्ये लिहिलंत, धन्यवाद. उद्या बाजार बंद आहे, करून बघतो. टूटी ऑईलचं काय? टाकू का?

वागळे_पंपरूम:
मी पंपाच्याच धंद्यात आहे, वागळे इस्टेटला पंप तपासायचा बेंच आहे, म्हणून पोटावर पाय ठेवूनच लिहितोय. पंप आमच्याकडे उतरवून आणला की आम्ही तो उघडणारच आणि वीस वर्षांचा पंप उघडला की झिजलेलं काहीतरी निघणारच, मग सील किट, कॅलिब्रेशन, बिल. गाडी तरीही सकाळी लागत नाही. मग गिऱ्हाईक आमच्याच नावाने शंख करतो. असे येतात, बरेच येतात.

टूटीचं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस सहाचं (बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषणाचे सरकारी नियम) डिझेल आलं, त्यात सल्फर १० पीपीएम, त्याआधी बीएस चारला ५०. सल्फर काढताना डिझेलचा स्वतःचा वंगणाचा गुण कमी होतो हे खरं, पण त्यासाठी रिफायनरीतच अ‍ॅडिटिव्ह मिसळतात, वंगणाची टेस्ट पास झाल्याशिवाय ते डिझेल बाहेर पडत नाही. त्यामुळे सगळे पंप नवीन डिझेलने मेले यात दम नाही. जुनी कडक झालेली रबरं मात्र डिझेल बदललं की पाझरायला लागू शकतात, तेवढं आम्हीही बघितलंय. टूटी टाकून हवेचं भोक बुजणार नाही एवढं नक्की.

पंप न उतरवता दोन गोष्टी बघून ठेव.

पंपावर इन आणि आऊट असे दोन बँजो बोल्ट (आतून डिझेल जाणारे पोकळ बोल्ट) असतात. आऊटच्या बोल्टला आत अगदी बारीक भोक असतं, पंपातला दाब टिकवायला. दिसायला दोन्ही सारखे. फिल्टर बदलताना किंवा एअर काढताना कोणी सोडवले आणि अदलाबदल करून बसवले तर तुझ्यासारखीच लक्षणं येतात, लोडवर दम नाही. बोल्टच्या डोक्यावर आऊट कोरलेलं असतं, पुसून बघ. आणि तांब्याचे वायसर दरवेळी नवीन, दहा वीस रुपयाची वस्तू, जुनेच परत दाबून बसवतात लोक आणि मग वर्षभर हवा शोधत फिरतात.

दुसरं, स्टॉप सोलेनॉईड, चावी बंद केली की डिझेल तोडते ती. चावी ऑन केली की पंपाकडून टक्क असा आवाज आला पाहिजे. तिची वायर ढिली असेल तर गाडी चालता चालता चावी काढल्यासारखी एकदम बंद पडते. तुझी गचके खात खात बसते, म्हणजे ते नसावं, पण बघायला काय जातंय.

तळोजा_लोडिंग:
टाकीचं झाकण बघितलं का कोणी? आमच्या गाडीला हाच प्रकार होता. झाकणाला हवा आत यायला बारीक वाट असते, ती धुळीने बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल येईनासं होतं. चढावर बसली की लगेच उतरून झाकण उघड, सुस्स आवाज आला तर समज. आम्ही तर सुरुवातीला सकाळी हवेच्या नळीत स्टार्टिंग स्प्रे मारायचो, एका फटक्यात लागायची.

जुना_मिस्त्री:
झाकणाचं बरोबर सांगितलं तळोजा भाऊ, ते आधी बघ घणसोलीकर, फुकटातलं काम. पण स्प्रेचं कोणी ऐकू नका. हीटर प्लग असलेल्या इंजिनात त्या स्प्रेतला ईथर मारला आणि प्लग तापलेला असला की तो वेळेच्या आधीच पेट घेतो, पिस्टनच्या रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. लागली म्हणजे वाचली असं नसतं.

अजून एक फुकटातलं. रात्री गाडी उतारावर तोंड खाली करून लाव, म्हणजे इंजिन खाली आणि टाकी वर. सकाळी त्या दिवशी पटकन लागली आणि तोंड वर करून लावल्यावर रडली, तर डिझेल मागे उतरतंय हे पक्कं झालं. घणसोलीत एवढा उतार मिळाला तर.

घणसोलीकर:
उतार नाही सापडला काका, पण बाकीचं केलं. सांगतो.

झाकण उघडल्यावर आवाज वगैरे काही नाही. बँजो बोल्ट बरोबर जागी आहेत, आऊट पुसून वाचला, वायसर नवीन टाकले. सोलेनॉईडचा टक्क येतो.

कॅन लावला, जमिनीवरच, आणि रात्रभर ठेवला. सकाळी फक्त हीटर दिला आणि सेल्फ मारला, अर्ध्या सेल्फला लागली!! बायको खिडकीतून विचारते नवीन गाडी आणली का. मग टाकीची लाईन परत जोडली, रात्र गेली, सकाळी परत तेच रडगाणं.

म्हणजे दोष फिल्टरच्या मागे. आता ही एवढी लाईन, मधे दोन रबरी जोड, सेडिमेंटर, चासीला क्लिपा, यातलं नेमकं कुठलं कसं ओळखायचं? सगळं बदलू का?

सेडिमेंटरच्या बाऊलमधलं पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलंय. वर पिवळसर डिझेल, तळाला बोटभर पाणी, आणि त्या दोघांच्या मधे तपकिरी चुरा तरंगतोय, बाटली हलवली की चकाकतो. फोटो टाकायचा होता, अपलोड होत नाहीये.

जुना_मिस्त्री:
तो चुरा म्हणजे टाकीचा गंज. पाणी पावसाळ्यात साठतं, अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी उभी राहिली की हवेतला ओलावा आतून पत्र्याला धरतो, आपल्याकडे खाडीची हवा, मग विचारायलाच नको. पेट्रोल पंपाच्या डिझेलमध्ये पाण्याचा संशय असेल तर डिझेल भरायच्या आधी टाकीच्या डिपला पाण्याची पेस्ट लावून दाखवा म्हणता येतं, रंग बदलला तर पाणी. पण बोटभर पाणी आणि एवढा गंज हा एका दिवसात आलेला माल नाही.

सगळं बदलू नको. हार्डवेअरच्या दुकानात गवंडी लेव्हल घ्यायला वापरतात तो पारदर्शक पाईप मिळतो, दोन फूट घे. टाकीतून बाहेर येणारा जो पहिला रबरी जोड आहे तो काढून तिथे हा लाव, क्लिपा घट्ट. प्रायमरने डिझेल भरून घे, चालू कर, दुसऱ्या माणसाला एक्सिलेटर दाबायला लाव आणि पाईपावर टॉर्च मार. तिथेच बुडबुडे दिसले तर हवा टाकीच्या आतूनच येतेय. तिथे साफ आणि फिल्टरपाशी बुडबुडे तर मधली लाईन किंवा सेडिमेंटर. अर्धं अर्धं करत जायचं. टाकी पाव असताना एकदा आणि फुल करून एकदा बघ, दोन्हीत फरक पडतो का. तो पाईप तपासण्यापुरताच हं, डिझेलने तो कडक होतो आणि तडकतो, मग नवीन दुखणं.

ऐरोली_ब्रिज:
मधेच विचारतो, माझी कॉमन रेल आहे, २०१४ ची, तिला पण चढावर असाच त्रास. हेच सगळं चालेल का? आमचा मेकॅनिक म्हणतो एकेका इंजेक्टरचा पाईप चालू गाडीत ढिला करून बघू कुठला मिस होतोय.

वागळे_पंपरूम:
अजिबात नाही!! त्या मेकॅनिकला थांबवा. जुन्या मेकॅनिकल पंपात नट ढिला करून कुठला सिलिंडर काम करत नाही ते बघायची पद्धत आहे, तिथे नोझल साधारण दोनशे बारला उघडतो. कॉमन रेलमध्ये नुसत्या आयडलवरही शेकडो बार असतात, लोडवर हजाराच्या वर, १६०० पर्यंत जातात. तो फवारा कातडीतून आत जातो, वर फक्त सुई टोचल्यासारखं दिसतं, दुखत पण नाही सुरुवातीला, आणि काही तासांत बोट काळं पडायला लागतं. असं झालं तर घरी हळद लावत बसायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलला आणि डिझेल प्रेशरने आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं. दोनशे बारचा पण घुसतो बरं का, कुठे फवारा येतोय का हे हात फिरवून बघायचं नाही, पुठ्ठा धरायचा.

तुमच्या गाडीला स्कॅनर लावा, मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं रेल प्रेशर चढावर समोरासमोर बघा. मिळालेलं मागे पडत असेल तर इंजेक्टरच्या रिटर्नला चार बाटल्या लावून कुठली लवकर भरते ते बघायचं. टाकी, जाळी, फिल्टर मात्र तुम्हालाही आधी बघावंच लागेल, ते दोघांना सारखंच.

घणसोलीकर:
सापडलं!!!

टाकी पाव असताना पारदर्शक पाईप लावला, एक्सिलेटर दाबला की टाकीच्या तोंडाशीच बुडबुड्यांची माळ. पंपावर जाऊन फुल केली, परत बघितलं, एक बुडबुडा नाही. ड्रायव्हर बाजूला उभा राहून नुसता बघत होता माझ्याकडे, बोलला काही नाही.

मग टाकीवरचा फ्लोटचा युनिट काढला (फुल टाकी केल्याचा पश्चात्ताप, सगळं डिझेल उपसावं लागलं). ओढायचा पाईप त्याच प्लेटला जोडलेला आहे. प्लेटच्या खाली चार बोटांवर पाईप गंजून मोहरीएवढं भोक, आणि त्याच्या आजूबाजूला पण पत्रा पातळ झालाय, नखाने दाबला तर दबतो. खालच्या जाळीवर तपकिरी गाळाचा थर, अर्धी जाळी बंद. म्हणजे काकांनी दोन भानगडी म्हटल्या होत्या त्या दोन्ही निघाल्या.

आता हे भोक वेल्डिंगने भरू का? वेल्डिंगवाला म्हणतो टाकी पण आण, तिला पण आतून एक दोन ठिकाणी ठिगळ मारून देतो.

जुना_मिस्त्री:
टाकी त्याच्याकडे नेऊ नको!! रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते, ठिणगी पडली की स्फोट. टाकी गळत नाही ना, मग ठिगळ कशाला. उतरव, पाण्याने धू, आत थोडी बारीक खडी आणि डिटर्जंट टाकून हलव, परत धू, उन्हात दोन दिवस पूर्ण वाळू दे, मग थोडं डिझेल फिरवून ओत. फार पापुद्रे निघत राहिले तर दुसरी टाकी बघ, कळंबोलीला जुन्या मालाच्या दुकानात मिळून जाते.

पाईप भरू नको, बदल. पातळ झालेल्या पत्र्यावर भोक बुजवलं तर शेजारी नवीन पडतं. युनिट प्लेटपासून वेगळं करून, धुऊन, टाकीपासून लांब नेऊन नवीन स्टीलचा तुकडा पितळेने ब्रेझिंग करून घे, त्याच लांबीचा, तळापासून तेवढंच अंतर ठेवून. लांब ठेवलास तर तळातलं पाणी गाळ ओढेल, आखूड ठेवलास तर पाव टाकीवरच गाडी बंद. प्लेटखालचं पॅकिंग पण नवीन टाक.

मुंब्रा_बायपास:
बरं झालं रे, पस्तीस हजार वाचले. खर्च किती आला?

घणसोलीकर:
ब्रेझिंग, पॅकिंग, दोन रबरी पाईप, क्लिपा, नवीन फिल्टर परत, सगळं मिळून अडीच हजाराच्या आत. टाकी स्वतःच धुतली, सोसायटीच्या वॉचमनशी भांडण झालं तेवढं फुकट.

सकाळचा प्रश्न संपला, लगेच लागते. चढावर गचके पण गेले, काल पाव टाकीवर गायमुख चढलो, मुद्दाम. पण एक राहिलंय, लोडवर आता पूर्ण दाबली की मागे काळा धूर मारते, आधी एवढा नव्हता. फिटनेसला धूर बघणार. आता तरी नोझल उतरवू का पंपरूमवाले दादा?

वागळे_पंपरूम:
आधी डिझेलच पुरत नव्हतं, काळा धूर कुठून येणार. आता पुरतंय म्हणून बाकीचं दिसायला लागलं. बीएस चारच्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप) आहे, पीयूसीवाल्याकडे एकदा आकडा काढून घे, अंदाजाने घाबरू नको.

काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. एअर फिल्टर काढ, आपटून बघ, कांद्याची टरफलं आणि बाजारातली धूळ खाऊन तो बसलेला असणार. टर्बो असेल तर पाईपाच्या जोडांवर तेलकट डाग बघ. ते साफ असूनही आकडा वर आला तर चार नोझल काढून आण, फक्त नोझल. टेस्टरवर लावून तुझ्यासमोरच फवारा दाखवतो, जो नोझल धुकं सोडायच्या ऐवजी थेंब टाकतोय तेवढाच बदलू. पंप गाडीवरच राहू दे. आणि कोणी पंपाचा मोठा स्क्रू फिरवून धूर कमी करून देतो म्हणाला तर त्याला सील तोडू देऊ नकोस.

घणसोलीकर:
एअर फिल्टर काढला. दादा, आतून खरंच कांद्याचं टरफल निघालं. नवीन टाकून उद्या पीयूसीला जातो, आकडा इथेच टाकतो.